सहा आकड्यांचा तक्ता आणि हरवलेले उणे चिन्ह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला सापेक्षतेवरचा लेख चांगला होता, याबद्दल वाद नाही. मात्र त्यातल्या ‘विद्युतचुंबकीय क्षेत्राचे गणित’ या चौकटीत तीन मोठ्या चुका आहेत, आणि तिन्ही अशा आहेत की पदवीच्या वर्गातला विद्यार्थी ते कात्रण वहीत चिकटवून वर्षभर चुकतच राहील. चौकटीत म्हटले आहे की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राच्या बाणांना काळाचा एकेक घटक जोडला की दोन चतुःसदिश, म्हणजे काळाचा एक आणि अवकाशाचे तीन घटक असलेल्या राशी, तयार होतात. खाली चार ओळींचा तक्ता छापला आहे, त्यात एक उणे चिन्ह गळले आहे आणि प्रकाशाचा वेग गायब आहे. शेवटी चुंबकत्व हा विजेचा निव्वळ आभास असल्याचे वाक्य आहे.

आधी चतुःसदिशाचे पाहू. विद्युत क्षेत्राला ई, चुंबकीय क्षेत्राला बी आणि प्रकाशाच्या वेगाला सी म्हणू. क्ष, य, झ या दिशांना १, २, ३ आणि काळाला ० हा क्रमांक देऊ. स्थान-काळ, ऊर्जा-संवेग, प्रभार-धारा हे खरे चतुःसदिश. निरीक्षक १ या दिशेने धावू लागला की अशा सदिशाचा ० आणि १ हे घटक एकमेकांत मिसळतात, २ आणि ३ जागच्या जागी राहतात. विद्युत क्षेत्राचे वागणे याच्या नेमके उलट आहे. धावण्याच्या दिशेतला ई१ तसाच राहतो. बदलतात ते आडवे घटक, ई२ आणि ई३.

हे समजायला समीकरण लागत नाही, एक कपॅसिटर पुरतो. दोन समांतर पत्रे, एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार. पत्रे धावण्याच्या दिशेला काटकोनात उभे असतील, तर निरीक्षकाला त्यांच्यातली फट आकसलेली दिसेल, पण पत्र्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहील. दर चौरस मीटरवरचा प्रभार तोच, म्हणून क्षेत्र तेच. आता पत्रे धावण्याच्या दिशेला समांतर ठेवा. लांबी आकसते, प्रभार मात्र तेवढाच राहतो, म्हणजे तो दाटीवाटीने बसतो आणि क्षेत्र गॅमापट वाढते. (गॅमा म्हणजे १ भागिले, १ वजा वेग-वर्ग भागिले सी-वर्ग याचे वर्गमूळ.) असे वागणारी राशी कुठल्याही चतुःसदिशाचा तीन-चतुर्थांश हिस्सा असू शकत नाही. काळाचा घटक जोडून ती दुरुस्त होत नाही, कारण जोडायला तसा घटक मुळात नाहीच.

मग हे क्षेत्र लिहायचे कसे? उत्तर प्रभारावरच्या बलातून निघते, आणि ही वाट पाठ्यपुस्तकांत बहुधा घाईने उरकली जाते म्हणून इथे जरा थांबतो. प्रभारित कणाचा चतुःवेग, म्हणजे चार मितींतला वेग, घेतला तर त्याची चार मितींतली ‘लांबी’ नेहमी सी इतकीच असते. कण कसाही वळवा, ओढा, ती बदलत नाही. लांबी कायम ठेवून सदिश बदलायचा, तर बदल त्या सदिशाला काटकोनातच असला पाहिजे. दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरीची लांबी तीच राहते आणि दगडाचा वेग दोरीला काटकोनात असतो, तसेच. आता बल वेगाच्या प्रमाणात असते हे लोरेंट्झच्या, म्हणजे प्रभारावरचे विद्युत-चुंबकीय बल सांगणाऱ्या, सूत्रातून माहीतच आहे. म्हणजे वेग आत घालायचा आणि बल बाहेर काढायचे, अशी चार बाय चारची सारणी हवी, आणि बाहेर येणारे बल कोणत्याही वेगाला काटकोनातच यायला हवे. हे एकाच अटीवर जमते. मुख्य कर्णावरची चारही पदे शून्य, आणि कर्णाच्या अल्याड-पल्याडच्या प्रत्येक जोडीत एक पद दुसऱ्याचे उणे. सोळा पदांतून कर्णाची चार गेली, बारा उरली, त्यांतली निम्मी दुसऱ्या निम्म्यांनी ठरली. राहिले सहा आकडे. तीन ई आणि तीन बी मिळूनही सहाच होतात. दोन चतुःसदिश मानले असते तर आठ आले असते, आणि ते दोन जादा आकडे मोजणारे उपकरण जगात कुठेच नाही.

अशा सारणीला प्रतिसममित टेन्सर म्हणतात. काळाचे चिन्ह अधिक आणि अवकाशाची तीन चिन्हे उणे मानून, दोन्ही निर्देशांक (पदाची ओळ आणि स्तंभ सांगणारे क्रमांक) वर ठेवून आणि एसआय एककांत ती अशी लिहिली जाते :

ओळ ० : ०, −ई१/सी, −ई२/सी, −ई३/सी
ओळ १ : ई१/सी, ०, −बी३, बी२
ओळ २ : ई२/सी, बी३, ०, −बी१
ओळ ३ : ई३/सी, −बी२, बी१, ०

आपल्या चौकटीत ओळ २ मधल्या बी१ पुढचे उणे चिन्ह गळले आहे, त्यामुळे बी१ कर्णाच्या दोन्ही बाजूंना धन झाला. एवढ्याशा चुकीने काय बिघडते ते पाहण्यासारखे आहे. एखादा प्रभार २ आणि ३ या दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने, म्हणजे कर्णरेषेत चालला आहे, आणि क्षेत्र फक्त बी१ आहे. योग्य तक्त्यातून २ या दिशेचे बल धन येते, ३ या दिशेचे तेवढेच ऋण. दोघे मिळून प्रभाराला नुसते वळवतात आणि त्याची चाल कायम राहते. चुंबकीय क्षेत्र कार्य करत नाही, हे बारावीचे वाक्य ते हेच. छापलेल्या तक्त्यातून मात्र दोन्ही बले ऋण निघतात, प्रभाराला ब्रेक लागतो. तोच प्रभार २ च्या दिशेने पुढे आणि ३ च्या दिशेने मागे जात असेल, तर उलट त्याला सारखा धक्का बसत राहतो आणि नुसत्या कायमच्या चुंबकाशेजारून त्याला फुकटात ऊर्जा मिळत राहते. मुंबईकराचे विजेचे बिल त्या छपाईच्या चुकीने शून्य झाले असते.

दुसरी गफलत सीची. ई व्होल्ट प्रति मीटरमध्ये आणि बी टेस्लामध्ये मोजतात. एका सारणीत दोन वेगळ्या एककांची पदे बसत नाहीत, म्हणून ई ला सीने भागून टेस्लात आणायचे. सैद्धांतिक पुस्तकांत सी बरोबर १ धरलेला असतो, गॉसियन या एककांच्या जुन्या पद्धतीत तर ई आणि बी आधीपासूनच एका मापाचे असतात. तिथे सी दिसत नाही आणि ते बरोबरच आहे. चौकटीत मात्र वरची समीकरणे एसआयमध्ये आणि खालचा तक्ता बहुधा गॉसियनमधून उचललेला. अशी सरमिसळ झाली की उत्तर तीस कोटीपटीने चुकते, आणि असे उत्तर पाहून विद्यार्थ्याला आपलीच आकडेमोड फसल्यासारखे वाटते.

चिन्हांबद्दल एक इशारा. काही पुस्तके काळाला उणे आणि अवकाशाला अधिक चिन्ह देतात. तिथे वरच्या तक्त्यातली सगळीच्या सगळी चिन्हे उलटी छापलेली दिसतील, आणि तीही बरोबर असतील. निर्देशांक खाली आणणे म्हणजे पदाला त्या दिशेच्या चिन्हाने गुणणे; दोन्ही निर्देशांक खाली आणले तर फक्त ई ची चिन्हे उलटतात, बी ची नाहीत. जुन्या पुस्तकांत चौथा निर्देशांक म्हणून काळाला उणे एकच्या वर्गमुळाने गुणलेले असते. तिथे ई सोबत ते वर्गमूळही दिसते. तीन पुस्तके समोर ठेवून प्रत्येकातली एकेक ओळ उचलली, तर कुठलाच तक्ता तयार होत नाही. एक पुस्तक धरा, त्याच्या पहिल्या प्रकरणातला चिन्हसंकेत वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, मग पुढे जा.

सगळ्यात फसवे रूप म्हणजे एक निर्देशांक वर आणि एक खाली. या मिश्र रूपात ई ची सहाही पदे धन आणि कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी असतात, बी ची मात्र उलटसुलट. पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटते आणि तो पेन्सिलीने उणे चिन्ह घालतो. ते घालू नये. बलाच्या समीकरणात चतुःवेगावर हेच रूप सरळ काम करते आणि त्याचा अर्थही सुरेख आहे : सारखी पदे कणाला वेग चढवतात, उलटसुलट पदे त्याला वळवतात. विद्युत क्षेत्र प्रभाराच्या चतुःवेगाला क्षणाक्षणाला थोडी लोरेंट्झ चाल (वेग बदलणारे रूपांतर) देते, चुंबकीय क्षेत्र त्याला थोडे फिरवते. तक्त्याचे सगळे भौतिकशास्त्र या एका वाक्यात आहे, असे आमचे मत.

निरीक्षक बदलला की नवा तक्ता काढण्याची कृती सोपी आहे. एका निरीक्षकाचे घटक दुसऱ्यासाठी बदलून देणारी लोरेंट्झ सारणी घ्या : वरच्या डाव्या कोपऱ्यात गॅमा, त्याच्या उजवीकडे आणि खाली वजा बीटा-गॅमा, मग पुन्हा गॅमा, आणि उरलेल्या कर्णावर १, १. (बीटा म्हणजे वेग भागिले सी.) क्षेत्राच्या तक्त्याला डावीकडून ही सारणी गुणा आणि उजवीकडून तिचीच पलटलेली, म्हणजे ओळींचे स्तंभ केलेली सारणी गुणा. नव्वद टक्के चुका इथेच होतात, कारण आकृत्या फिरवण्याच्या सवयीने मुले उजवीकडे व्यस्त सारणी लावतात. व्यस्त सारणी चालते ती फक्त मिश्र रूपाला. दोन्ही निर्देशांक वर असताना ती लावली तर चूक ताबडतोब पकडता येते. नुसते बी३ घेऊन १ च्या दिशेने धावा. बरोबर कृतीत ०-२ या जागी बीटा-गॅमा-बी३ येते आणि २-० या जागी त्याचेच उणे. चुकीच्या कृतीत दोन्ही जागी अधिकच येते, तक्ता प्रतिसममित राहत नाही, आणि पुढे जाण्याआधीच थांबता येते. बरोबर उत्तर वाचायचे तर ई२ बरोबर उणे गॅमा गुणिले वेग गुणिले बी३, आणि नवा बी३ जुन्याच्या गॅमापट.

आता ‘आभास’ या शब्दाकडे. हा निष्कर्ष ज्या उदाहरणावरून काढतात ते मुंबईकराच्या डोक्यावरच टांगलेले आहे. लोकलच्या ओव्हरहेड संपर्क तारेचा छेद १०७ चौरस मिलिमीटर, धातू तांबे. एखाद्या क्षणी तीतून १५० अँपिअर धारा जात आहे असे धरू. २५ हजार व्होल्टमुळे तारेवर मुळातच साचलेला प्रभार, डब्याचे धातूचे कवच आणि धारेचे सेकंदाला ५० फेरे, या तिन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवू. त्यांच्यामुळे हिशेब लांबतो, तत्त्व बदलत नाही.

फलाटावर उभ्या असलेल्या माणसासाठी तार उदासीन आहे. तारेपासून २ मीटरवर त्याला फक्त चुंबकीय क्षेत्र मिळते, १५ मायक्रोटेस्ला. धारेच्या दिशेने ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने जाणाऱ्या प्रवाशासाठी मात्र तक्ता सांगतो की तिथे विद्युत क्षेत्रही आहे : २५ गुणिले १५ मायक्रो, म्हणजे मीटरला ३७५ मायक्रोव्होल्ट, आणि त्याची दिशा तारेकडे. हे आले कुठून? प्रभार आणि धारा यांचा चतुःसदिश फिरवून पाहा. उदासीन तारेवर प्रवाशाला दर मीटरमागे धारा गुणिले वेग भागिले सी-वर्ग इतका ऋण प्रभार दिसतो. १५० गुणिले २५ भागिले ९ गुणिले १० चा १६ वा घात. उत्तर कूलोंबच्या ४.२ गुणिले १० चा उणे १४ वा घात, म्हणजे मीटरला साधारण २ लाख ६० हजार इलेक्ट्रॉन जास्तीचे. तारेत दर मीटरमागे मोकळे इलेक्ट्रॉन किती? सुमारे ९ गुणिले १० चा २४ वा घात. त्यांच्यात दोन-अडीच लाखांनी फरक पडणे म्हणजे समुद्रात थेंबही नव्हे. आणि या इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा वेग तर सेकंदाला जेमतेम एक दशांश मिलिमीटर. तरीसुद्धा त्या जास्तीच्या प्रभारापासून २ मीटरवरचे विद्युत क्षेत्र काढले, तर उत्तर येते बरोबर ३७५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा. सापेक्षता फक्त प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाला लागते असे म्हणणाऱ्याला हा हिशेब करायला लावावा.

इथपर्यंत सगळे ठीक. पण यावरून चुंबकत्व आभास ठरते का? त्या प्रवाशाचे चुंबकीय क्षेत्र गेले कुठे? ते तिथेच आहे, १५ मायक्रोटेस्ला, किंबहुना गॅमापटीने किंचित जास्त. त्याच्या तुलनेत नवे विद्युत क्षेत्र, सीने भागून टेस्लात आणले तर, एक कोटी वीस लाखांत एक एवढेच. निरीक्षकाने वेग कितीही वाढवला तरी या तारेभोवतीचे बी शून्य होणार नाही. कारण दोन आकडे असे आहेत जे कुठल्याही निरीक्षकाला सारखेच मिळतात. एक, बी-वर्ग वजा (ई/सी)-वर्ग. दुसरा, ई आणि बी यांचा अदिश गुणाकार. पहिला धन असेल तर तिथे चुंबकीय बाजू वरचढ आहे आणि ती कोणालाही पुसता येणार नाही. ऋण असेल तर विद्युत बाजू वरचढ. एकट्या धावत्या प्रभाराच्या बाबतीत पहिला आकडा ऋण असतो, म्हणून त्याच्याबरोबर धावले की बी नाहीसे होते. ‘आभास’ हे वाक्य तेवढ्यापुरते खरे. तारेला, फ्रिजवरच्या चुंबकाला, पृथ्वीला ते लागू नाही.

पृथ्वीचे उदाहरण तर शिवाजी पार्कावर उभे राहून करता येईल. मुंबईत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडे वर असून ते उत्तरेकडे आणि क्षितिजाखाली सुमारे २५ अंश झुकलेले आहे. निरभ्र दिवशी मैदानावर हवेतले विद्युत क्षेत्र मीटरला साधारण १०० व्होल्ट असते आणि त्याची दिशा खाली. पहिला आकडा काढायचा तर १०० भागिले सी म्हणजे एक तृतीयांश मायक्रोटेस्ला; चाळीसच्या पुढे ते काहीच नाही. पावसाळ्यात मोठ्या गडगडाटी ढगाखाली जमिनीलगतचे क्षेत्र मीटरला १० हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकते, आणि बरोबरीला पोचायला साडेबारा हजारांच्या आसपास लागतील. म्हणजे तेव्हाही चुंबकीय बाजूच, पण थोडक्यात. दुसरा आकडा याहून बोलका आहे. दोन्ही क्षेत्रांचा काही भाग खाली जातो, म्हणून त्यांचा अदिश गुणाकार शून्य नाही. आणि तो शून्य नसला की ई किंवा बी यांपैकी एकही पूर्णपणे पुसणारा निरीक्षक असूच शकत नाही. दादरच्या उघड्या मैदानात दोन्ही आहेत, आणि कशाही वेगाने जाणाऱ्या कोणालाही दोन्ही दिसणारच. प्रकाशाच्या लाटेत मात्र दोन्ही आकडे शून्य असतात. तिला कोणत्याही निरीक्षकाने पाहिले तरी ती प्रकाशाची लाटच राहते.

या दोन आकड्यांचा व्यावहारिक उपयोग आकडेमोड तपासायला होतो. तक्ता फिरवण्याआधी ते काढून ठेवा, फिरवल्यावर पुन्हा काढा. वरच्या बी३ च्या उदाहरणात गॅमा-वर्ग गुणिले बी३-वर्ग, वजा गॅमा-वर्ग गुणिले बीटा-वर्ग गुणिले बी३-वर्ग; उरते नुसते बी३-वर्ग. जुळले नाही तर चूक तुमची, आइन्स्टाइनची नव्हे. बलाची चाचणी त्याहून सोपी : प्रभार स्थिर ठेवा, तक्त्याचा पहिला स्तंभ वाचा, प्रभार गुणिले ई हे धन चिन्हासह बाहेर आले पाहिजे. उणे आले तर चिन्हसंकेत मध्येच बदलला आहे.

चार बाय चारची सारणी नकोशी वाटत असेल तर आणखी एक रूप आहे, आणि ते वापरले जायला हवे त्यापेक्षा फारच कमी वापरले जाते. ई मध्ये, उणे एकच्या वर्गमुळाने आणि सीने गुणलेला बी मिळवा. तीन घटकांचा एकच संमिश्र सदिश मिळतो, सहा आकडे तीन खणांत बसतात. साधे फिरणे म्हणजे खऱ्या कोनातून फिरणे, आणि धावू लागणे म्हणजे त्याच सदिशाला काल्पनिक कोनातून फिरवणे. या सदिशाचा वर्ग केला की त्याच्या खऱ्या आणि काल्पनिक भागांत वरचे दोन्ही अचल आकडे आपोआप मिळतात. भौतिकशास्त्रज्ञ सिल्बरस्टाइनने १९०७ मध्ये हे रूप मांडले. कागदावर हाताने गणित करायचे असेल तर यात चिन्हांच्या चुका कमी होतात, असा आमचा सल्ला. माध्यम धातूचे किंवा काचेचे असेल तर मात्र तक्त्याकडेच यावे लागते.

समीकरणांबद्दल थोडक्यात. मॅक्सवेलच्या १८६५ च्या निबंधात वीस समीकरणे होती, ती हेविसाइडने चारवर आणली. तक्त्यात ती दोन होतात. एक, तक्त्याचा चार दिशांतला बदल मोजला की प्रभार-धारेचा चतुःसदिश मिळतो. गॉस आणि अँपिअर-मॅक्सवेल हे दोन्ही नियम यात येतात. दुसरे, कोणतेही तीन निर्देशांक घेऊन त्यांचे चक्राकार बदल बेरजेत घेतले की शून्य. एकटा चुंबकीय ध्रुव नसतो हे आणि फॅरडेचा नियम या एकातच. क्षेत्र विभवाच्या चतुःसदिशापासून काढले असेल तर दुसरे समीकरण सिद्ध करायची गरज उरत नाही, ते घडणीतच असते. चौकटीत दोन्ही समीकरणांच्या उजवीकडे प्रभार-धारा छापली आहे, ती दुसऱ्यातून काढावी. दुसऱ्याच्या उजवीकडे शून्य हवे.

हा चार बाय चारचा तक्ता पहिल्यांदा मांडला गणितज्ञ मिन्कोव्स्कीने, १९०८ मध्ये. वाचकांना गणिताचा धसका वाटला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. या मांडणीत वाचकाकडून फार गणित अपेक्षित आहे म्हणून खुद्द आइन्स्टाइन आणि लाउब यांनी त्याच वर्षी तीच समीकरणे साध्या सदिशांत पुन्हा लिहून काढली. १९०५ च्या मूळ निबंधात आइन्स्टाइनने सुरुवात केली तीही तारेचे वेटोळे आणि चुंबक यांपासून : चुंबक हलवा किंवा वेटोळे हलवा, धारा तीच, पण जुन्या सिद्धांतात स्पष्टीकरणे दोन वेगळी. एक तक्ता झाल्यावर स्पष्टीकरणही एकच राहते.

मुंबईच्या वाचकासाठी हा तक्ता परका नाही, हेही सांगायला हवे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेवरची ट्राम येणार हे ठरल्यावर रुळांतून वाहणाऱ्या धारांच्या भटक्या चुंबकीय क्षेत्राने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेले गेले. अलिबागची उपकरणे आजही जे टिपतात ते वरच्या तक्त्यातले खालचे तीन आकडे, बी१, बी२, बी३, आणि तेही जमिनीबरोबर स्थिर असलेल्या निरीक्षकासाठी. उरलेले तीन आकडे, हवेतल्या विद्युत क्षेत्राचे, वेगळ्या उपकरणांनी मोजावे लागतात. सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. बी इतके झपाट्याने बदलले की दुसऱ्या समीकरणानुसार जमिनीत ई उभे राहणारच. त्याच वादळात युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांच्या तारांत बॅटरी न जोडताही धारा वाहिली. सहा खणांपैकी तीन हलले की उरलेले तीन स्वस्थ बसत नाहीत.

आपण शुद्धिपत्र छापणार असाल तर एवढे करावे. वर दिलेला तक्ता जसाच्या तसा घ्यावा, त्याखाली एका ओळीत ‘काळाचे चिन्ह अधिक, दोन्ही निर्देशांक वर, एसआय एकके’ असे लिहावे, आणि मिश्र रूप जागेअभावी वगळले तरी चालेल. जुळणी करणाऱ्यांना एक विनंती : तक्त्यातले उणे चिन्ह हायफनने टाइप करू नये. मजकूर स्तंभात बसवताना हायफन ओळीच्या शेवटी राहतो आणि पद पुढच्या ओळीत जाते. ओळ २ मधले उणे चिन्ह बहुधा असेच गळले असावे.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही प्राध्यापक
मुंबई